कंधार : बांध कोणी घातला, माती कोणी टाकली

लातूरहून नांदेडला जाणारा मोठा रस्ता अहमदपूर, माळाकोळी, लोहा असा जातो. कंधार या रस्त्यावर नाही, लोह्याहून आत वळावे लागते. गावाला रेल्वेही नाही. त्यामुळे कंधारला सहज म्हणून कोणी जात नाही. कोणी तहसीलच्या कामाला जातो, कोणी उरुसाला जातो, आणि अधूनमधून कोणी किल्ला पाहायला जातो. हे तिन्ही लोक तीन वेगळी गावे पाहून परत येतात.

मन्याड नदीच्या काठचे हे तालुक्याचे गाव. सरकारी कागदावर नदीचे नाव मनार आहे, तोंडी ती मन्याडच. मांजरेची ही उपनदी. उन्हाळ्यात तिच्याकडे पाहून कोणाला वाटणार नाही की, इथे कधीकाळी दख्खनमधल्या सर्वांत मोठ्या सत्तेचे एक महत्त्वाचे नगर होते आणि अरब प्रवाशांनी ज्या राजांची गणना जगातल्या थोर राजांत केली, त्यांनी इथे तलाव आणि मंदिरे उभी केली.

प्रथम नावाचा गोंधळ दूर करू. कंधार म्हटले की अनेकांना अफगाणिस्तानातले कंदाहार आठवते. फारसी तवारिखांत दोन्ही नावे सारखीच लिहिली जात. त्यामुळे "ही कंदाहार कोणती?" हा प्रश्न अभ्यासकांनाही पडत आला आहे. काही लोक तर असे समजतात की, मुसलमान सुलतानांनी तिकडचे नाव इकडे आणून लावले. तसे नाही. हे नाव सुलतान येण्याच्या कितीतरी आधीचे आहे. राष्ट्रकूट काळापासून कंधारपूर असा उल्लेख मिळतो. त्या घराण्यात कृष्ण नावाचे तीन राजे झाले आणि कृष्ण या नावाचीच कन्नर, कंधर अशी रूपे त्या काळच्या बोलीत होती. कंधार म्हणजे कृष्णाचे नगर. ज्यांना या नावात परकेपणा दिसतो त्यांनी एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

बल्हाराचे राज्य

राष्ट्रकूट स्वतःला लट्टलूरचे म्हणवत. लट्टलूर म्हणजे आजचे लातूर. म्हणजे वेरूळचे कैलास लेणे ज्यांनी कोरले, ते राजे आपले मूळ याच मांजरेच्या खोऱ्यात सांगत होते. पुढे त्यांची राजधानी मान्यखेटला, म्हणजे आज कलबुर्गी जिल्ह्यात असलेल्या मळखेडला गेली. पण कंधारचे महत्त्व टिकले. तिसऱ्या कृष्णाच्या कारकिर्दीत (इ. स. ९३९ ते ९६७) ते शिखराला पोचले असे मानले जाते. किल्ल्याचे मूळ बांधकामही परंपरेने त्याच्याच नावावर आहे. कंधारला मिळालेल्या राष्ट्रकूटकालीन संस्कृत शिलालेखात इथल्या अनेक मंदिरांची आणि त्यांना लावून दिलेल्या दानांची नोंद आहे.

मुसलमान वाचकाला हा काळ 'आपल्या आधीचा' वाटतो. शाळेतल्या पुस्तकाने तशी सवयच लावली आहे. वास्तविक याच राष्ट्रकूटांना अरब लेखक 'बल्हारा' म्हणतात. वल्लभराज या पदवीचे ते अरबी वळण. मसऊदी हा थोर अरबी इतिहासकार इ. स. ९१६ च्या सुमारास कोकणात चौलला आला होता. तिथे त्याला हजारोंच्या संख्येने मुसलमान वस्ती दिसली. बल्हाराच्या राज्यात मुसलमानांना मान आहे आणि त्यांच्या मशिदी आहेत, असे तो लिहितो.

याहून महत्त्वाचा पुरावा डहाणूजवळच्या चिंचणीचा आहे. तिथे सापडलेल्या इ. स. ९२६ च्या ताम्रपटात मधुमती नावाच्या एका 'ताजिक' अधिकाऱ्याचा उल्लेख येतो. ताजिक म्हणजे अरब, आणि मधुमती म्हणजे मुहम्मद. दुसऱ्या कृष्णाने त्याला संजाणचा कारभार दिला होता. तिसऱ्या इंद्राच्या काळातही तो त्याच जागी होता. या मुहम्मदाने तिथल्या ओढ्यांवर लोकांसाठी फुकट तर चालवली, अन्नछत्र घातले, आणि देवीच्या मठाला जमीन देण्याच्या व्यवहारालाही त्याचीच मान्यता होती. ज्या राजांनी कंधारचे नगर उभारले त्यांच्या नोकरीत एक मुसलमान होता आणि तो वाटसरूंना नदी पार करून देत होता. तुघलकांच्या फौजा दख्खनमध्ये येण्याच्या चारशे वर्षे आधीची ही गोष्ट आहे.

काय पाहावे

कंधारला गेल्यावर बहुतेक लोक सरळ किल्ल्यावर जातात. मी म्हणेन, आधी तलाव पाहावा. त्याला आजही जगत्तुंग सागर म्हणतात. जगत्तुंग ही राष्ट्रकूट राजा तिसरा गोविंद याची पदवी. त्याचे राज्य इ. स. ७९३ ते ८१४. याच घराण्यात पुढे जगत्तुंग नावाचा राजपुत्रही झाला. तलावाचा मान या दोघांपैकी कोणालाही द्या, त्याचे वय हजार वर्षांच्या वरच जाते.

तिथून मानसपुरीकडे जावे. तिथे क्षेत्रपालाच्या एका अवाढव्य मूर्तीचे भग्न अवशेष मिळाले आहेत. नुसती पावले पाहिली तरी पूर्ण मूर्ती केवढी असेल याचा विचार करून माणूस थक्क होतो. क्षेत्रपाल म्हणजे गावाच्या शिवेचा राखणदार. शीव राखणाराच कोसळून पडला आहे, पण शीव अजून आहे आणि गावही आहे.

मग किल्ला. हा डोंगरी किल्ला नाही, भुईकोट आहे. उंच कड्याचा आधार नसल्यामुळे त्याचे सारे संरक्षण दोन गोष्टींवर अवलंबून होते : दुहेरी तटबंदी आणि तिच्याभोवतीचा पाण्याचा रुंद खंदक. आत शीशमहल, राणीमहल, मशीद अशा वास्तूंचे अवशेष आहेत. बुरुजांवरचे आणि तोफांवरचे अरबी-फारसी लेख आहेत. त्यांत 'रूमी' म्हणजे तुर्की माणसांची नावे भेटतात. सोळाव्या शतकात दख्खनच्या सुलतानांकडे तोफांचे काम जाणणारे तुर्क नोकरीला होते. विजापूरची प्रसिद्ध मुलूख मैदान तोफ १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली गेली, तीही मुहम्मद रूमी याच्याच हातची. कंधारचे लेख त्याच साखळीतले आहेत.

किल्ल्यात अंबरखाना म्हणून एक जागा दाखवतात. नावावरून मलिक अंबरची आठवण येते आणि ती अस्थानी नाही. हबशी गुलाम म्हणून विकला गेलेला आणि पुढे निजामशाहीचा कर्ताधर्ता झालेला हा पुरुष याच मुलखात लढत होता. १६०२ मध्ये नांदेडजवळ खानखानान अब्दुर्रहीमचा मुलगा इरज याच्याशी झालेल्या लढाईत तो जखमी झाला होता. पण अंबारखाना म्हणजे धान्याचे कोठार हाही अर्थ मराठी किल्ल्यांवर सर्वत्र चालतो. एका शब्दात माणूसही आहे आणि ज्वारीही आहे. वेढा पडल्यावर किल्ल्याला दोन्हींची गरज लागते.

किल्ल्यात ठेवलेल्या जुन्या मूर्तींपाशी मात्र थांबले पाहिजे, कारण इथूनच वाद सुरू होतो. त्यांत शैव आहेत, जैनही आहेत, आणि बऱ्याच भंगलेल्या आहेत. "हे कोणी केले?" असा प्रश्न पाहणारा विचारतो आणि उत्तर बहुधा त्याने घरूनच आणलेले असते. सुलतानी काळात जुन्या मंदिरांचे दगड नव्या बांधकामात गेले, हे नाकारण्यात अर्थ नाही. दख्खनमधल्या अनेक तटांत ते दिसतात. पण तेवढ्यावर थांबणेही अपुरे आहे. राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट इ. स. ९७२ मध्ये माळव्याच्या परमार सीयकाने लुटली. पुढच्याच वर्षी चालुक्य तैलपाने ती सत्ता संपवली. अलाउद्दीन खलजी देवगिरीवर आला तो १२९६ मध्ये. मधली सव्वातीनशे वर्षे कंधारची मंदिरे कोणाच्या आश्रयाने चालली, कोणती ओस पडली, कोणत्या पंथाने कोणत्या पंथाची जागा घेतली, याची उत्तरे दगडावर धर्माचे लेबल लावून मिळत नाहीत.

दर्गा आणि मदरसा

गावाला मुसलमानांच्या जगात 'कंधार शरीफ' म्हणून ओळख मिळाली ती हजरत हाजी सय्याह सरवर मगदूम यांच्या दर्ग्यामुळे. सय्याह म्हणजे प्रवासी. ते रिफाई सिलसिल्याचे बुजुर्ग. या सिलसिल्याचे मूळ पुरुष सय्यद अहमद रिफाई. ते इराकच्या दलदलीच्या प्रदेशातले आणि त्यांचा इंतकाल ११८२ मधला. चौदाव्या शतकात, म्हणजे दौलताबाद वसल्यानंतर, अनेक सूफी दख्खनच्या छोट्या छोट्या गावांत पोचले. त्यांतला एक टप्पा कंधारचा. उरुसात संदल निघतो तेव्हा दर्ग्यावर नवस फेडायला येणाऱ्यांत फक्त मुसलमान नसतात. मराठवाड्यातल्या वाचकाला हे नव्याने सांगायला नको.

सूफींच्या मागोमाग विद्याही आली. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात शाह रफीउद्दीन कंधारी हे मोठे विद्वान या गावाचे नाव लावत. हैदराबादचे मीर शुजाउद्दीन हे त्यांचे मुरीद. मौलाना अन्वारुल्लाह फारूकी यांच्या घराण्याचे नातेही कंधारशी. त्यांनी १८७० च्या दशकात हैदराबादेत जामिया निजामिया स्थापन केली. १८८८ मध्ये सुरू झालेल्या दाइरतुल मआरिफ या अरबी ग्रंथांच्या प्रकाशनसंस्थेच्या उभारणीतही त्यांचा हात होता. या संस्थेने छापलेली दुर्मीळ अरबी पुस्तके जगभरच्या ग्रंथालयांत आहेत. मन्याडकाठच्या गावाचा धागा असा कैरो आणि दमास्कसच्या अभ्यासकांच्या टेबलापर्यंत जातो. आज आपल्या किती मुलांना हे ठाऊक आहे?

वेढा आणि दुष्काळ

कंधार हातात असणे म्हणजे तेलंगणाकडच्या वाटेवर हात असणे. म्हणून ते कोणीच सोडले नाही. तुघलक झाले, बहमनी झाले. बहमनी सत्ता ढासळू लागली तेव्हा कासिम बरीदच्या जहागिरीत औसा, उदगीर आणि कंधार ही तिन्ही ठाणी होती. पुढे निजामशाही आणि आदिलशाही यांची ओढाताण झाली.

१६३१ मध्ये शहाजहानचा सरदार नसीरी खान याने वेढा घातला. बादशहा स्वतः बुऱ्हाणपूरला तळ देऊन होता. सुरुंग लावून तट उडवले गेले आणि मे महिन्यात किल्ला मुघलांच्या हाती आला. या वेढ्याचे एक चित्र पयाग या दरबारी चित्रकाराने काढले. ते पादशाहनाम्याच्या हस्तलिखितात असून आज इंग्लंडमध्ये विंडसरच्या राजसंग्रहात आहे. धूर, तोफा, पळणारी माणसे आणि मागे किल्ला. मुघल चित्रकलेतल्या उत्तम युद्धचित्रांत त्याची गणना होते. नावामुळे पुष्कळांना ते अफगाणिस्तानचे वाटते. आहे ते आपल्या नांदेड जिल्ह्यातले.

चित्रात जे नाही ते आपण भरून घ्यायला हवे. १६३० ते १६३२ हा गुजरात आणि दख्खनमधल्या भयंकर दुष्काळाचा काळ. माणसे गावे सोडून जात होती, रस्त्यावर मरत होती. अशा वर्षी, वैशाखाच्या उन्हात, एक फौज तटाबाहेर होती आणि एक आत. दोन्हींकडचे सरदार मुसलमान होते, दोन्हींच्या फौजांत हिंदू होते, आणि आसपासच्या खेड्यांतला दाणा-चारा दोन्हींना हवा होता. त्या कुणब्याला कोण जिंकले याने काय फरक पडला असेल?

आसफजाही आणि १९४८

१७२४ नंतर हा मुलूख हैदराबादच्या आसफजाही घराण्याकडे गेला आणि सव्वादोनशे वर्षे तिथेच राहिला. त्याचा शेवट कसा झाला हे मराठवाड्यात प्रत्येक घराला माहीत आहे, पण प्रत्येक घराला अर्धेच माहीत आहे. एका घरात कल्हाळीची गोष्ट सांगतात. याच कंधार तालुक्यातल्या या गावच्या गढीने रझाकारांशी झुंज दिली आणि तिथे माणसे मारली गेली. दुसऱ्या घरात सप्टेंबर १९४८ नंतरचे दिवस हळू आवाजात सांगतात. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांची समिती त्याच वर्षाअखेर हैदराबाद राज्यात फिरली. मुसलमानांवर सर्वांत जास्त अत्याचार झालेले जे चार जिल्हे तिने नोंदवले, त्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर यांच्यासोबत नांदेड होते. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एक सांगितल्याने दुसरी खोटी होत नाही. पण दोन घरे एकमेकांची गोष्ट ऐकत नाहीत, म्हणून गावाचा इतिहास दोन जागी अर्धा अर्धा पडून आहे.

त्यानंतरच्या कंधारवर छाप राहिली ती भाई केशवराव धोंडगे यांची. शेतकरी कामगार पक्षाचे आमदार, १९७७ चे नांदेडचे खासदार, आणि खेड्यातल्या गरीब मुलांसाठी शाळा काढणारे. त्यांनी आपल्या संस्थेच्या नावातच 'मोफत शिक्षण' हे शब्द घातले. शंभरी ओलांडून १ जानेवारी २०२३ ला ते वारले. लोक त्यांना मन्याडचा वाघ म्हणत. या गावात माणसाला मोठेपण द्यायचे तर नदीचे नाव लावतात.

पाळ कोणाची?

आता पुन्हा तलावाकडे येऊ.

मातीचा बांध ही अशी वस्तू आहे की, ती एकदा बांधून सोडून देता येत नाही. उंदीर-घुशी बिळे करतात, झाडांची मुळे भेगा पाडतात, सांडवा तुंबतो, तळाशी गाळ साचतो. काही वर्षे कोणी लक्ष दिले नाही तर एखाद्या मोठ्या पावसात पाळ फुटते आणि तलावाचे शेत होते. कंधारचा तलाव हजार वर्षांहून अधिक काळ उभा आहे. याचा अर्थ सरळ आहे. राष्ट्रकूट गेले तेव्हा कोणीतरी त्यावर माती टाकली. यादव गेले तेव्हा टाकली. बहमनी, बरीदशाही, निजामशाही, मुघल, आसफजाही, प्रत्येक राजवटीत पावसाळ्याच्या आधी कोणाचे तरी हात लागले. ते हात कोणत्या जातीचे, कोणत्या धर्माचे, हे कोणत्याही शिलालेखात कोरलेले नाही. एकच हात पुरला नसता, एवढे मात्र नक्की.

जुन्या राज्यकर्त्यांना ही गोष्ट कळत होती. राष्ट्रकूटांच्या लेखात मंदिराला जमीन किंवा उत्पन्न लावून दिलेले दिसते. हेतू हा की, बांधणारा मेला तरी दिवा चालू राहावा. आसफजाहीत देवस्थानांना आणि दर्ग्यांना खिदमतमाश जमिनी होत्या. खिदमत करा आणि त्या जमिनीवर पोट भरा. भाषा संस्कृतची फारसी झाली, विचार तोच राहिला. वकफचे मूळही यातच आहे : वस्तू अल्लाहच्या नावे, फायदा लोकांना, आणि देखभाल कोणाची तरी नेमून दिलेली. आज मराठवाड्यात या जमिनींवरून जे खटले चालू आहेत त्यांत मालकीचा प्रश्न पहिल्या पानावर असतो. खिदमत कोण करतो, हा प्रश्न शेवटच्या पानावरही नसतो.

एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिली गाडी सुमारे ५ लाख लिटर पाणी घेऊन आली तेव्हा सगळ्या देशाने ते दृश्य पाहिले. राष्ट्रकूट ज्या लट्टलूरचे नाव अभिमानाने लावत, तेच हे शहर. त्यांच्याच घराण्याने बांधलेला तलाव शेजारच्या जिल्ह्यात आजही नकाशावर आहे. आपल्या पिढीला त्या राजांची नावे पाठ असतील, पण दर उन्हाळ्यात गाळ काढण्याची त्यांची अक्कल आपण विसरलो.

कंधारवर हक्क सांगणारे बरेच आहेत. कोणी म्हणतो हे राष्ट्रकूटांचे, म्हणजे आमचे. कोणी म्हणतो किल्ला सुलतानांचा, मशीद आमची, दर्गा आमचा. दोघांचेही म्हणणे पूर्वजांच्या आधारावर उभे आहे, आणि त्या पूर्वजांपैकी कोणीही आज बांधावर माती टाकायला येणार नाही. मराठी मुसलमान तरुणाला मी एवढेच सांगेन की, या गावावरचा आपला हक्क सिद्ध करायला त्याने बगदाद किंवा दिल्लीपर्यंत वंशावळ नेण्याची गरज नाही. जगत्तुंग सागराची पाळ त्याचीही आहे, कारण कित्येक शतके ती राखणाऱ्यांत त्याचे पणजे-खापरपणजे नसतील असे होणेच शक्य नाही. तोच नियम शेजाऱ्यालाही लागू आहे : दर्ग्याच्या दिव्यात त्याच्याही आजीने तेल घातले आहे.

कंधारला जाल तेव्हा बरोबर शाळकरी मुले न्या. किल्ला दाखवा, लेख दाखवा, मूर्ती दाखवा, मग दर्ग्यात फातिहा वाचा. आणि शक्य तर मे महिन्यात जा, पाणी खाली गेलेले असताना. तलावात किती गाळ आहे ते तेव्हाच दिसते.